काझी सलाहउद्दीन

काझी सलाहउद्दीन हे बांगलादेशचे माजी फुटबॉलपटू, प्रशिक्षक आणि क्रीडा प्रशासक. १९७१ च्या मुक्तियुद्धात भारतात सामने खेळून निधी उभारणाऱ्या ‘स्वाधीन बांगला’ संघात ते विशीच्या आतच आघाडीला खेळले. या संघाच्या मुंबईतील सामन्यात प्रतिस्पर्ध्यांकडून चक्क क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी उतरले होते! स्वातंत्र्यानंतर सलाहउद्दीन ढाक्याच्या आबाहनी क्लबचे लाडके खेळाडू झाले. मध्यंतरी हाँगकाँगच्या कॅरोलिन हिलकडून खेळून ते परदेशात व्यावसायिक फुटबॉल खेळणारे पहिले बांगलादेशी ठरले. निवृत्तीनंतर आबाहनी आणि राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक. २००८ ते २०२४ या काळात ते फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. खेळाडू म्हणून मिळालेले प्रेम इथे टिकले नाही: महिलांनी २०२२ मध्ये सॅफ विजेतेपद जिंकले, पण पुरुष संघ २०१८ मध्ये फिफा क्रमवारीत १९७ व्या स्थानापर्यंत घसरला होता.