दर्यात हरवलेला पूर्वज

महाराष्ट्रात घराण्याचा इतिहास जतन करून ठेवण्याची हौस जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून काढले आणि मूळ पुरुषापासून हयात पिढीपर्यंतच्या वंशावळी त्यांत मोठ्या निगुतीने मांडल्या. त्याआधीच्या पिढ्यांची नावे नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून उतरत आलेली होतीच. ज्या घराला वतन, जमीन किंवा विद्या होती, त्या घरातील पूर्वज सहसा कागदावरून पुसला गेला नाही. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर अशीही पुष्कळ घरे आहेत की, ज्यांच्या वंशावळीची रेघ एखाद्या पिढीपाशी अकस्मात थांबते. तेथे वडीलधारी माणसे एवढेच सांगतात : ‘तो बोटीवर गेला, तो परत आला नाही.’

बोटीवर जाणे हा रत्नागिरीच्या किनाऱ्याचा पिढीजात व्यवसाय होता. खारवी, गाबीत, भंडारी, कोकणी मुसलमान आणि गोव्याचे ख्रिस्ती यांच्यातील तरुण मुंबईस येत व आगबोटींवर नोकरी धरीत. ‘लष्कर’ या फारसी शब्दावरून पोर्तुगीजांच्या तोंडी ‘लास्करी’ हा शब्द घडला आणि इंग्रजांनी तोच ‘लास्कर’ म्हणून पौर्वात्य खलाशांना लावला. डेकवर सारंग आणि त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणी, कसाब व खलाशी; इंजिनाच्या खोलीत आगवाले, तेलवाले आणि कोयलावाले; भटारखान्यात भंडारी; अशी त्यांची उतरंड असे. १९१४ मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे ५१ हजार लास्कर नोकरीस होते. त्यांचा पगार युरोपीय खलाशाच्या पगाराच्या एक-तृतीयांशाहूनही पुष्कळदा कमी असे.

इतकी माणसे दर्यावर गेल्यावर त्यांतील काही परत येणार नाहीत, हे उघड होते. प्रश्न मागे राहिलेल्यांचा होता. मृत्यूची वार्ता आली तर शोक करता येतो, दिवस घालता येतात, वारसाची नोंद करता येते. वार्ताच आली नाही तर यांतले काहीच होत नाही. अशा घरातील स्त्री सुवासिनी म्हणावी तर नवरा नाही, आणि विधवा म्हणावी तर तसा पुरावा नाही. कायद्यालाही ही अडचण ठाऊक होती. ज्याची खबर मिळणे स्वाभाविक होते अशा माणसांना सात वर्षे ती मिळाली नाही, तर तो हयात असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे १०८ वे कलम सांगत असे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हेच तत्त्व कायम आहे. मुसलमान स्त्रियांसाठी १९३९ च्या कायद्याने चार वर्षांची मुदत ठरविली. तेवढ्या काळात पतीचा ठावठिकाणा लागला नाही, तर तिला विवाह रद्द करून मागता येऊ लागला.

शोधाचा पहिला धागा याच ठिकाणी हाती लागतो. घरातील माणसे विसरली, तरी गावच्या दप्तरात त्या बेपत्ता माणसाची सावली पडलेली असते. कोणत्या वर्षी त्याचे नाव जमिनीच्या कागदावरून कमी होऊन पत्नीचे किंवा भावाचे नाव चढले, हे फेरफाराच्या नोंदीवरून कळू शकते. जमातीच्या किंवा चर्चच्या वह्यांत त्याच्या लग्नाची आणि शेवटच्या मुलाच्या जन्माची नोंद असते. अपत्याचा जन्म आणि वारसाची नोंद यांच्या दरम्यान तो नाहीसा झाला, असा काळाचा एक कप्पा त्यामुळे निश्चित होतो. गोव्याच्या माणसाच्या बाबतीत मुंबईतील ‘कूड’ ही संस्था उपयोगी पडते. धोबीतलावाच्या परिसरात एकेका गावाने आपल्या माणसांसाठी अशी बिऱ्हाडे चालविली होती, आणि दोन सफरींच्या मधले दिवस बोटीवरचा माणूस तेथे काढीत असे.

यापुढील कागद मात्र घरात नाहीत. १८५९ च्या पहिल्या कायद्याने हिंदुस्थानात व्यापारी खलाशांची भरती शिपिंग मास्तरच्या कचेरीतून, लेखी करारावर होऊ लागली. ब्रिटिश जहाजांवर असे करारनामे व खलाशांच्या याद्या ठेवण्याची सक्ती त्यापूर्वी, १८३५ पासूनच होती. सफर संपली की हे कागद लंडनला सरकारी निबंधकाकडे जमा होत. त्यांत खलाशाचे नाव, वय, गाव, हुद्दा, पगार, आधीचे जहाज आणि नोकरी सुटल्याची तारीख व कारण अशी माहिती येई. गावातील कुलकर्ण्याने ज्याच्याविषयी दोन ओळींहून अधिक लिहिले नसते, त्याची हकीकत परक्या कारकुनाने सफरीगणिक लिहून ठेवली, ती पगाराचा हिशेब चुकू नये म्हणून.

कागदांचा हा ढीग पुढे इतका वाढला की, तो सांभाळणे ब्रिटिश सरकारला जड झाले. १८६१ नंतरच्या याद्यांपैकी सुमारे एक-दशांश लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ठेवल्या. ज्या वर्षांच्या शेवटी ५ हा अंक येतो, त्या वर्षांच्या उरलेल्या याद्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाकडे गेल्या. उरलेला फार मोठा भाग १९७१ च्या सुमारास कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरील मेमोरियल विद्यापीठाने आपल्याकडे नेला. हर्णै-दाभोळच्या खलाशाची सही किंवा अंगठा आज उत्तर अटलांटिकमधील एका थंड बेटावर जपला जात असावा, ही इतिहासाची गंमतच म्हटली पाहिजे. १९१५ सालच्या याद्या मात्र स्वयंसेवकांनी नावानिशी उतरवून सर्वांना शोधता येतील अशा केल्या आहेत. त्यांत साडेसात लाखांच्या आसपास नावे आहेत.

परंतु कागद सापडला म्हणजे माणूस सापडला, असे होत नाही. खलाशाने सांगितलेले नाव कारकुनाने आपल्या कानाने ऐकले आणि आपल्या लिपीत लिहिले. आडनाव बहुधा नसेच. स्वतःचे नाव, फार तर बापाचे नाव आणि गाव. एकाच जहाजावर एकाच नावाचे तीन-चार इब्राहिम किंवा इस्माईल सापडणे ही नित्याची गोष्ट. गावांचीही तीच दशा. जुन्या इंग्रजी कागदांत रत्नागिरीचे ‘रटनाघेरी’ होते, सुवर्णदुर्गाचे ‘सेव्हर्नड्रूग’ होते, विजयदुर्गाला ‘घेरिया’ म्हणतात आणि बाणकोटला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’. हे उच्चार ज्याला ओळखता येत नाहीत, त्याच्यापुढे पूर्वजाचे नाव उघडे पडलेले असूनही तो पान उलटून पुढे जाईल. म्हणून नाव, बापाचे नाव, गाव आणि वय यांतील किमान तीन गोष्टी जुळल्यावाचून कोणत्याही इब्राहिमाला आपल्या वंशावळीत बसवू नये.

नोकरी सुटण्याचे कारण लिहिण्याचा रकाना या शोधात सर्वांत महत्त्वाचा ठरतो. तेथे ‘मृत’ असे असेल, तर १८९१ पासून ठेवलेल्या सागरी मृत्यूंच्या नोंदवह्यांत तारीख, ठिकाण आणि कारण मिळण्याचा संभव असतो. जहाजच नाहीसे झाले असेल, तर लंडनच्या लॉइड्स या विमा संस्थेने ते बेपत्ता म्हणून जाहीर केलेले असते. कधी त्या रकान्यात ‘पळून गेला’ असाही शब्द भेटतो. लंडन, कार्डिफ, ग्लासगो या बंदरांत पुष्कळ लास्कर उतरले आणि तेथेच राहिले. लंडनच्या लाइमहाउस भागात १८५७ मध्ये अशा निराधार पौर्वात्य खलाशांसाठी एक आश्रयगृह उघडण्यात आले, आणि ते १९३७ पर्यंत चालले. ज्याच्यासाठी गावी कुणी जन्मभर वाट पाहिली, त्याने परमुलखात दुसरा संसार मांडला होता, असेही एखाद्या शोधाच्या शेवटी निघते. ज्याला हे ऐकण्याची तयारी नाही, त्याने वंशावळीच्या वाटेस जाऊ नये.

कागदाच्या जगातही सर्वांचे मरण सारखे नसते, याची साक्ष ‘पर्शिया’ या आगबोटीची हकीकत देते. पी. अँड ओ. कंपनीची ही बोट लंडनहून मुंबईकडे येत असता ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाच्या दक्षिणेस एका जर्मन पाणबुडीने ती पूर्वसूचना न देता बुडविली. बोटीवरील ५१९ माणसांपैकी ३४३ दगावली. प्रवाशांत लॉर्ड माँटेग्यू होते. ते वाचले, परंतु ते घरी पोहोचण्यापूर्वीच लंडनच्या वृत्तपत्रांत त्यांचे मृत्युलेख छापून आले होते. जे मेले नव्हते त्यांच्यासाठी स्तंभ भरले गेले. त्याच बोटीवरील जे हिंदी खलाशी खरोखरच बुडाले, त्यांच्या वाट्याला नामावलीतील एकेक ओळ आली.

तरीही ती ओळ आहे, ही गोष्ट लहान नव्हे. मुंबईत मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. ज्यांना समुद्रावाचून दुसरी कबर नाही, अशा २ हजारांहून अधिक खलाशांची ते आठवण ठेवते. दुसऱ्या महायुद्धात बळी पडलेल्या ६ हजारांहून अधिक खलाशांचे व नौसैनिकांचे स्मरण मुंबई आणि चितगाव येथे केलेले आहे. हीच नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी मंडळाच्या सूचीत कोणालाही पाहता येतात. काही नावांपुढे बापाचे नाव आणि गावही दिलेले आढळते.

अशा शोधाचा एकंदर हिशेब पाहता एक गोष्ट ध्यानात येते. दर्यात हरवलेला माणूस कागदावरून क्वचितच हरवतो. तो परक्या लिपीत, मोडक्या उच्चारात आणि दूरच्या कपाटात पडून असतो एवढेच. कपाट उघडण्याचे काम अभिलेखागार करील. पण ‘रटनाघेरी’ म्हणजे आपली रत्नागिरी आणि यादीतील अमुक नाव म्हणजे आपल्या पणजीने आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो माणूस, हे ओळखण्याचे काम घरच्यांचेच आहे. म्हणून परदेशातील याद्या चाळण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी बसावे आणि त्या माणसाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, वाडीचे नाव आणि बोटीचे नाव, जसे आठवेल तसे लिहून घ्यावे. याद्या अजून पुष्कळ वर्षे टिकतील. ती आठवण टिकणार नाही. वंशावळीत जिथे रेघ थांबली होती, तिथे एक तारीख आणि समुद्राचे एक नाव लिहिता आले, तर त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहून गेलेले सुतक फिटते.