आयएल-३८ : प्रवासी विमानाचा सागरी उत्तराधिकारी

विमानाचा इतिहास लिहिताना त्याच्या पहिल्या उड्डाणाला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे त्याच्या दीर्घ सेवेला दिले जात नाही. गोव्यातील दाबोळीच्या नौदल तळावरून ४६ वर्षे अरबी समुद्रावर टेहळणी करणारे आयएल-३८ हे सोव्हिएत बनावटीचे विमान या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. कालबाह्य होत चाललेल्या प्रवासी विमानाची रचना लष्करी कामासाठी एवढी वर्षे का टिकली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या विमानाचे मूळ आयएल-१८ या प्रवासी विमानात आहे. इल्यूशिन संस्थेच्या या विमानाने ४ जुलै १९५७ रोजी पहिले उड्डाण केले आणि एप्रिल १९५९ पासून ते एरोफ्लोतच्या नियमित सेवेत आले. सुमारे शंभर प्रवासी वाहून नेणाऱ्या या विमानाला चार टर्बोप्रॉप इंजिने होती. अशा इंजिनात टर्बाइनची बहुतेक शक्ती पंखा फिरवण्यास खर्ची पडते. त्यामुळे कमी उंचीवर व मध्यम वेगात इंधनाची मोठी बचत होते. प्रवाशांना मात्र वेग हवा होता, आणि जेट विमानांनी आयएल-१८ ला हळूहळू मागे टाकले. पाणबुडीचा शोध घेण्याचे काम नेमके याच्या उलट. तेथे समुद्रावर खाली उतरून तासन्‌तास घिरट्या घालाव्या लागतात. जो गुण प्रवासी वाहतुकीत उणीव ठरला, तोच येथे उपयोगी पडला. सोव्हिएत अभियंत्यांनी आयएल-१८ चे पंख सुमारे तीन मीटर पुढे सरकवले, शेपटीमागे चुंबकीय शोधयंत्राचा दांडा बसवला आणि आयएल-३८ सिद्ध केले. अमेरिकेतही १९५७ मध्येच उडालेल्या लॉकहीड इलेक्ट्रा या टर्बोप्रॉप प्रवासी विमानापासून पी-३ ओरायन तयार झाले. हे निव्वळ अनुकरण नव्हे. कामाची गरजच दोन्ही गोटांना एका वाटेने घेऊन गेली, असे मला वाटते.

भारतात सागरी टेहळणीचे काम प्रथम वायुदलाकडे होते आणि त्या इतिहासाचा एक धागा पुणे जिल्ह्यातील लोहगावशी जुळतो. १९५१ मध्ये पुण्यात पुन्हा उभ्या राहिलेल्या सहाव्या स्क्वॉड्रनने आधी लिबरेटर आणि पुढे एअर इंडियाकडून आलेली सुपर कॉन्स्टलेशन विमाने या कामी वापरली. म्हणजे निवृत्त प्रवासी विमानाला समुद्राकडे वळवण्याची प्रथा आपल्याकडे आधीच रुजली होती. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली, तेव्हा पाणबुडीविरोधी लढाईतील आपल्या उणिवा प्रकर्षाने समोर आल्या. १९७६ मध्ये सुपर कॉन्स्टलेशन विमाने आणि त्यांच्यासोबत ही जबाबदारी नौदलाकडे आली. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९७७ रोजी, आयएल-३८ विमानांचे ३१५ वे स्क्वॉड्रन दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर स्थापन झाले.

या स्क्वॉड्रनची विमाने पाचच होती. एवढ्या लहान ताफ्यात एक विमान दुरुस्तीसाठी थांबले तरी पहाऱ्याचे वेळापत्रक कोलमडते. मग दोन विमाने एकाच सकाळी गेली तर? नेमके तेच १ ऑक्टोबर २००२ रोजी घडले. स्क्वॉड्रनच्या रौप्यमहोत्सवी दिवशी दोन आयएल-३८ विमानांची दाबोळीजवळ हवेत टक्कर झाली. दोन्ही विमानांतील सर्व १२ नौसैनिक आणि जमिनीवरील काही माणसे मृत्युमुखी पडली. या घटनेचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. वस्तुतः ज्यांच्या अनुभवावर पाणबुडीचा माग काढण्याचे कौशल्य उभे असते, असा प्रशिक्षित चमू त्या दिवशी संपला. विमाने बदलून मिळाली, कारण रशियाने दोन विमाने दिली. माणसांची भरपाई अशी होत नाही.

त्यानंतर रशियातच ‘सी ड्रॅगन’ ही नवी शोधप्रणाली बसवून ताफ्याचे आयएल-३८ एसडी असे नूतनीकरण झाले. धड जुने आणि उपकरणे नवी, अशा स्वरूपात ही विमाने आणखी दीड दशकाहून अधिक काळ उडाली. सुट्या भागांसाठी दूरच्या एका देशावर अवलंबून राहण्याची किंमत अर्थातच त्यात होती. २९ मार्च २०२२ रोजी आयएनएस हंसावर पी-८आय विमानांचे ३१६ वे स्क्वॉड्रन सेवेत आले आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी अखेरच्या आयएल-३८ ला निरोप देण्यात आला. नव्या विमानाचे धडही बोइंग ७३७ या प्रवासी विमानाचेच आहे. इंजिने मात्र जेट आहेत, कारण आजची शोधयंत्रे अधिक उंचीवरूनही काम करू शकतात.