कांगारूचा डोळा

हादग्याचं फूल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं. ते मनातल्या मनात रक्तासारखं लाल करा, झाडावरून उतरवून तापलेल्या मातीवर आणा आणि त्याच्या मधोमध एक काळाभोर, चकचकीत डोळा काढा. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं ‘स्टर्ट्स डेझर्ट पी’ हे फूल साधारण असं दिसतं. नावातला ‘पी’ म्हणजे वाटाणा. वाटाणा, चवळी, हादगा यांच्याच कुळातलं हे फूल.

ते ओळखणं अवघड नाही. वेल जमिनीलगत पसरते. पानं राखाडी-हिरवी, त्यांवर बारीक लव असते. उभ्या दांड्यावर फुलांचा झुपका येतो आणि एकेक फूल सुमारे ९ सेंटिमीटर लांब भरतं. वरची पाकळी पताकेसारखी उभी, खालची चोचीसारखी लोंबती आणि मधे तो फुगीर काळा डोळा. टणक कवचाचं बी मातीत पावसाची वाट पाहत पडून राहतं. चांगला पाऊस झाला की उजाड माळ लाल होतो.

फूल ओळखणं सोपं, पण त्याच्या नावाची गोष्ट तेवढी सोपी नाही.

१६९९ च्या ऑगस्टमध्ये विल्यम डँपियर हा पूर्वाश्रमीचा समुद्री लुटारू ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या एका बेटावर उतरला. तिथं त्यानं हे फूल खुडून वाळवलं. परतीच्या वाटेवर, १७०१ मध्ये त्याचं जहाज असेन्शन बेटापाशी बुडालं, पण वाळवलेली झाडं वाचली. ती आजही ऑक्सफर्डला जपून ठेवलेली आहेत.

पुढे १८४४ मध्ये चार्ल्स स्टर्ट अ‍ॅडलेडहून निघाला. ऑस्ट्रेलियाच्या पोटात समुद्र असावा, या आशेनं त्यानं सोबत होडीही घेतली होती. समुद्र काही सापडला नाही; वाळवंट आणि ही फुलं मात्र भरपूर दिसली. लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते स्टर्टचं. शास्त्रीय नाव अनेकदा बदललं. एके काळी त्यात डँपियर होता. १९९० पासून ते ‘स्वेन्सोना फॉर्मोसा’ आहे. त्यातला आयझॅक स्वेन्सन हा लंडनजवळ खासगी वनस्पतिबाग राखणारा गृहस्थ. १९६१ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियानं हे राज्यफूल केलं, तेही स्टर्टच्याच नावानं.

पण हे सगळे तिथं पोचण्याच्या कितीतरी आधीपासून त्या वाळवंटात माणसं राहत होती. पित्जंत्जत्जारा भाषेत या फुलाला ‘मालुकुरु’ म्हणतात. मालु म्हणजे लाल कांगारू, कुरु म्हणजे डोळा. बाकीच्या नावांत कुणी ना कुणी साहेब आहे. या नावात फूल आहे. हे नाव ऐकलेल्या माणसाला ते माळावर शोधताना पुस्तक लागणार नाही.

आपल्याकडेही माळावर अनोळखी फूल दिसलं, तर पुस्तक जरूर उघडावं. पण त्याआधी तिथं शेळ्या राखणाऱ्या म्हातारीला विचारावं, “आजी, याला तुम्ही काय म्हणता?”