कृत्रिम मुखावयवांचे प्रकाशपरावर्तन प्रतिमान

कर्करोग, अपघात, भाजणे किंवा जन्मजात व्यंग यांमुळे गमावलेल्या नाक, कान वा नेत्रकोटराच्या जागी बसवावयाच्या कृत्रिम अवयवाचा रंग रुग्णाच्या त्वचेशी जुळावा, यासाठी रंगद्रव्यांचे प्रमाण गणिताने ठरविण्याच्या पद्धतीस प्रकाशपरावर्तन प्रतिमान म्हणतात. महाराष्ट्रात २०२१ साली कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसमध्ये अनेक रुग्णांचे डोळे काढावे लागले, तेव्हा अशा अवयवांची निकड प्रकर्षाने जाणवली. आकार कितीही हुबेहूब असला तरी रंग चुकला की अवयव चारचौघांत उठून दिसतो आणि रुग्ण तो वापरण्याचे टाळू लागतो.

पार्श्वभूमी

हे अवयव आज बहुधा सिलिकोन रबराचे करतात. त्यात आयर्न ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड यांसारखी रंगद्रव्ये आणि सूक्ष्म केशवाहिन्यांचा भास देणारे लाल रेयॉन तंतू मिसळतात. रुग्णास शेजारी बसवून नजरेच्या अंदाजाने मिश्रण करणे ही रूढ रीत आहे. कुशल हातांना ती उत्तम साधते. मात्र त्या कौशल्याची नोंद मागे राहत नाही. ऊन व हाताळणी यांमुळे सिलिकोनचा रंग बदलतो आणि एक-दोन वर्षांत अवयव पुन्हा करावा लागतो, तेव्हा ही उणीव भासते.

कुबेल्का–मुंक सिद्धांत

पॉल कुबेल्का व फ्रांझ मुंक यांनी १९३१ साली रंगलेपांसाठी मांडलेला सिद्धांत येथे आधारभूत आहे. थरात प्रकाशाचे दोनच प्रवाह, एक आत जाणारा व एक बाहेर येणारा, आहेत असे तो मानतो. पुरेशा जाड थरासाठी

शो ÷ प्र = (१ − प)² ÷ २प

येथे शो म्हणजे शोषण गुणांक, प्र म्हणजे प्रकीर्णन (प्रकाश विखुरण्याचा) गुणांक आणि प म्हणजे परावर्तन. निम्मा प्रकाश परतल्यास हे गुणोत्तर ०.२५ येते; पाव प्रकाश परतल्यास १.१२५. म्हणजे परावर्तन निम्म्यावर आले तर गुणोत्तर साडेचार पट होते. परावर्तनांची थेट बेरीज करून मिश्रणाचा रंग सांगता येत नाही, तो यामुळेच. प्रत्येक रंगद्रव्याचे शो व प्र मात्र त्याच्या प्रमाणानुसार बेरजेने मिळतात. ते एकदा मोजून ठेवले की हव्या त्या त्वचेसाठी मिश्रण काढता येते.

सिलिकोनच्या पृष्ठभागावरूनच सुमारे ३ टक्के प्रकाश परततो, तर आतून बाहेर येणाऱ्या विखुरलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ निम्मा पुन्हा आत वळतो. त्यासाठी साँडरसन यांची १९४२ सालची दुरुस्ती वापरतात. अवयवाच्या कागदासारख्या पातळ कडांतून खालची त्वचा दिसते. तेथे वरील सूत्र अपुरे पडते आणि जाडी व पार्श्वभूमी विचारात घेणारी सूत्रे लागतात. व्यवहारात खरी परीक्षा या कडांचीच असते.

मेटामेरिझम

दोन वस्तू एका प्रकाशात सारख्या व दुसऱ्यात वेगळ्या दिसणे म्हणजे मेटामेरिझम. खिडकीपाशी जुळलेला कान ट्यूबलाइटखाली परका वाटू शकतो. मेलॅनिनचे शोषण तरंगलांबी वाढते तसे कमी होत जाते. रक्तातील ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन मात्र सुमारे ५४२ व ५७७ नॅनोमीटरला अधिक प्रकाश शोषते, म्हणून त्वचेच्या परावर्तन आलेखात तेथे दोन खळगे दिसतात. आयर्न ऑक्साइडच्या आलेखात असे जोडखळगे नसतात. त्यामुळे केवळ दिसणारा रंग न जुळवता सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील संपूर्ण आलेख शक्य तितका जवळ आणणे, हे या गणिताचे उद्दिष्ट असते.

मर्यादा

सिद्धांत थर एकजिनसी मानतो. त्वचा तशी नाही आणि तंतुमिश्रित सिलिकोनही नाही. शिवाय लाजेने वा उन्हाने चेहरा लाल होतो, कृत्रिम नाक होत नाही. त्यामुळे गणिताने मूळ छटा मिळाली तरी ठिपके, शिरा व सुरकुत्यांजवळच्या छटा अखेरीस कारागीर रुग्णासमोर बसूनच रंगवतो.