नाशिकची ट्राम: रूळ गेले, पण इतिहास कुठे शोधायचा?

ओझरहून रेल्वे पकडायची तर कसबे सुकेणे नाहीतर नाशिकरोड गाठावं लागतं. आज नाशिकरोड स्टेशनाबाहेर पडलं की बस आणि रिक्षा समोरच उभ्या असतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र स्टेशनातून गावात यायला ट्राम होती, आणि ती सुरुवातीला घोडे ओढायचे.

१८८९ च्या सुमारास बांधलेली ही ट्राम नाशिकरोड स्टेशनापासून मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिका इमारतीपर्यंत, म्हणजे साधारण ८ ते १० किलोमीटर धावायची. दोन डबे, चार घोडे. रूळ अडीच फूट रुंदीचे. पुढे घोड्यांच्या जागी पेट्रोलवर चालणारी ट्राम आली. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद पडली.

या ट्रामचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. बार्शी लाइट रेल्वे उभी करणारे तेच. पुढे त्यांनी वैमानिकांसाठी पॅराशूटही तयार केलं. लढाऊ विमानं बनवणाऱ्या ओझरच्या इतक्या जवळ या माणसाची खूण असावी, हा योगायोगच.

आता अडचण अशी की ट्रामबद्दल सोशल मीडियावर फिरणारी माहिती बहुतेक एकाच चार ओळींची नक्कल असते. त्यात एक वाक्य हमखास असतं: दुष्काळ आणि प्लेगमुळे ट्राम तोट्यात गेली आणि बंद पडली. पण तारखा शेजारी ठेवून पाहा. मुंबई इलाख्यात प्लेग आला १८९६ मध्ये. मोठे दुष्काळ पडले १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये. ट्राम त्यानंतरही तीस वर्षं चालली. या संकटांनी कंपनीचं कंबरडं मोडलं असेलही, पण शेवटचा घाव कशाचा, हे १९२० च्या दशकातल्या मोटारी आणि बसमध्ये शोधणं जास्त शहाणपणाचं. ‘देशातली पहिली पेट्रोल ट्राम’ हा दावाही असाच. पुढे पाठवण्याआधी तो कुठल्या कागदावर आहे, एवढं विचारावं.

मग कागद कुठे असतात? पहिली चूक होते ती रेल्वेच्या दप्तरात शोधण्याची. ट्रामसाठी १८८६ चा वेगळा कायदा होता. त्यात प्रांतिक सरकारच्या आदेशाची आणि स्थानिक संस्थेच्या संमतीची तरतूद होती. म्हणून माग दोन ठिकाणी काढायचा: मुंबई सरकारचं जुनं राजपत्र आणि नगरपालिकेची सभावृत्तांतं. सरकारी दप्तरासाठी मुंबईतला राज्य पुराभिलेख विभाग, केंद्राच्या कागदांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ. इंग्रजीत शोधताना शहराचं जुनं स्पेलिंग ‘नासिक’ असं टाकायचं आणि ‘रेल्वे’ऐवजी ‘ट्रामवे’. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

१८८३ चा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड, इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्यात ट्राम सापडणार नाही, कारण ती अजून आलीच नव्हती. तरी तो वाचावा. ट्रामच्या आधी स्टेशन आणि गाव यांच्यात वाहतूक कशी होती, हे त्याशिवाय कळत नाही.

उरते जागा. रस्त्यावरचे रूळ उखडले की डांबराखाली काही उरत नाही. पण घोडे म्हटले की तबेला आला, डबे म्हटले की शेड आली. अशा जागा कुणाच्या तरी नावावर होत्या आणि नंतर दुसऱ्याच्या झाल्या. भूमी अभिलेख कार्यालयातले जुने नकाशे, फेरफार आणि मालमत्ता पत्रकं तिथे कामाला येतात. जुना नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र एकावर एक ठेवलं, की विचित्र आकाराचे प्लॉट आपोआप डोळ्यांत भरतात. तिथला गट किंवा सर्व्हे नंबर घेऊनच कार्यालयात जावं; नुसतं ‘ट्रामची जागा’ म्हटलं तर खिडकीवर कुणालाच काही समजत नाही.