वृद्धांची शुश्रूषा आणि जामखेडचा धडा



ज्वरासाठी रुग्णालयात गेलेला वृद्ध मनुष्य ज्वरातून मुक्त होतो; परंतु पंधरा दिवस खाटेवर पडून राहिल्याने त्याच्या पायांतील बळ जाते, आणि आपल्या पायांनी गेलेला गृहस्थ दोघांच्या आधाराने घरी परततो. हा अनुभव पुष्कळ कुटुंबांचा आहे. यात दोष वयाचा किती आणि शुश्रूषेचा किती, याचा विचार इतिहासाच्या आधारे करू.

परिचारिकांच्या पद्धतशीर शिक्षणाची शाळा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात निघाली. आपल्याकडे १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, लोकापवाद सोसून स्त्रियांना ससून रुग्णालयात हे शिक्षण मिळवून दिले. त्या काळची निकड बाळंतपणाची आणि साथींची होती. वृद्धांची सेवा हे घरातील सुनालेकींचे काम समजले जाई. त्यासाठी निराळी विद्या लागते, असे कोणाला वाटत नसे.

ती लागते, हे १९३५ नंतर डॉ. मार्जरी वॉरन यांनी दाखविले. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या निर्धनांच्या आश्रयगृहातील (वर्कहाऊसमधील) शेकडो दीर्घकालीन रुग्ण आले. बाईंनी एकेकाची तपासणी केली, तेव्हा कित्येक जण रोगापेक्षा अंथरुणानेच पंगू झालेले आढळले. त्यांना उठविले, चालविले, आणि पुष्कळ जण घरी गेले.

परंतु आपल्याकडे परिचारिका थोड्या आणि गावे पुष्कळ. त्यांच्या अभावी ही विद्या कोणाच्या हाती द्यावी? त्याचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडमध्ये सापडते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे कार्य आरंभिले. बाहेरून आणलेल्या तरुण परिचारिकांना एकटीने खेड्यात राहणे जड गेले. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना शिकविण्याचे ठरले. त्यांत कित्येक निरक्षर, प्रौढ आणि दलित होत्या. त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, थोडे शिकत, गावात ते वापरून पाहत आणि पुन्हा शिकावयास येत. आरंभी विषय मुख्यतः माता व बालके यांचे होते. पुढे रक्तदाब आणि मधुमेहही आले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

विद्या अक्षरांवाचून अडत नाही; ती नेमकी आणि पुनःपुन्हा शिकवावी लागते, हे एका शिक्षकाला त्यातून विशेष जाणवते. वृद्धांच्या शुश्रूषेची कलमेही अशीच मोजकी आहेत. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे. वैद्यांची हरकत नसल्यास रोज खाटेवरून उठवून चार पावले चालवावे. बसवूनच भरवावे. चष्मा आणि ऐकण्याचे यंत्र हाताशी ठेवावे. तो एकाएकी बरळू लागला, तर म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नये. ज्वर, शरीरातील पाण्याची तूट, लघवी तुंबणे किंवा एखादे औषध यांपैकी काही कारण असू शकते, म्हणून वैद्यांना तत्काळ कळवावे.

भारत सरकारने २०१० साली वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. परंतु खाटेजवळ रात्र जागविते ती बहुधा घरचीच व्यक्ती. परिचारिकेला ही विद्या द्यावी, आणि ती उशाशी बसलेल्या नातेवाईकाला शिकविणे हाही तिच्या कामाचाच भाग मानावा. असे झाल्यास रुग्ण घरी गेल्यावरही शुश्रूषा खंडित होणार नाही.