चौकातले नाव : लान्स नायक अल्बर्ट एक्का

नोकरीनिमित्त रांचीत आलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच एक नाव पाठ होते, ते म्हणजे अल्बर्ट एक्का चौक. जुने रांचीकर आजही त्याला ‘फिरायालाल चौक’ म्हणतात. खरेदी असो, मोर्चा असो की मिरवणूक, सगळे रस्ते तिथेच येऊन मिळतात. चौकाच्या मधोमध एका सैनिकाचा पुतळा आहे. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत शिवराय, लोकमान्य यांच्यावर दरवर्षी लेख असतात, ते असायलाच हवेत. पण ज्या मातीने आपल्याला पोटाला लावले, तिच्या सुपुत्राबद्दलही चार शब्द लिहावेत, असे मला बरेच दिवस वाटत होते.

अल्बर्ट एक्का यांचा जन्म २७ डिसेंबर १९४२ रोजी गुमला जिल्ह्यातील जारी या गावी, ज्युलियस आणि मरियम या आदिवासी ख्रिस्ती दांपत्याच्या पोटी झाला. लहानपणापासून शिकारीची आणि हॉकीची आवड. बरोबर विसाव्या वाढदिवशी, २७ डिसेंबर १९६२ ला, ते बिहार रेजिमेंटमध्ये भरती झाले. चीनबरोबरचे युद्ध नुकतेच थांबले होते. पुढे १९६८ मध्ये ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’ची १४ वी बटालियन उभी राहिली, तेव्हा त्यांची तिकडे बदली झाली.

३ डिसेंबर १९७१ ला युद्ध पेटले. त्रिपुराची राजधानी आगरतळा सीमेला अगदी लागून आहे. पलीकडे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात आखौरा हे रेल्वेचे मोठे ठाणे होते, आणि त्याजवळच गंगासागर येथे शत्रूने पक्के मोर्चे बांधले होते. ते घेतल्याशिवाय आखौराकडे सरकणे कठीण होते. हे काम १४ गार्ड्सकडे आले. रात्री हल्ला सुरू होताच तोफगोळ्यांचा आणि गोळ्यांचा वर्षाव सुरू झाला. एका बंकरमधली लाइट मशीनगन आपल्या जवानांना टिपत होती. एक्का एकटेच त्या बंकरवर धावून गेले, दोघा शत्रूसैनिकांना संगिनीने मारले आणि ती मशीनगन बंद पाडली. या झटापटीत ते गंभीर जखमी झाले, तरीही मागे फिरले नाहीत. साथीदारांबरोबर मैलभर खोल पसरलेल्या ठाण्यातून एकेक बंकर साफ करीत पुढे जात राहिले.

ठाण्याच्या उत्तर टोकाला एक भक्कम इमारत होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावरून मीडियम मशीनगन आग ओकू लागली आणि हल्ला अडला. जखमी एक्का सरपटत इमारतीपर्यंत पोचले व त्यांनी आत हातबॉम्ब टाकला. एक शत्रू ठार झाला, दुसरा जखमी झाला, पण गोळीबार थांबेना. तेव्हा ते बाजूच्या भिंतीवर चढून आत शिरले आणि संगिनीने त्या तोफच्याला संपवले. मशीनगन थंडावली. कंपनीची वाट मोकळी झाली, पण एक्का त्याच जखमांनी गेले. वयाची २९ वर्षे पुरी व्हायला तीन-साडेतीन आठवडे उरले होते.

त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्या युद्धात पूर्व आघाडीवर मिळालेले हे एकमेव परमवीरचक्र. या पदकाशी आपलेही एक नाते आहे. त्याची आकृती काढली सावित्रीबाई खानोलकर यांनी. त्या युरोपात जन्मल्या आणि विक्रम खानोलकर या मराठी सैन्याधिकाऱ्याशी विवाह करून भारतीय झाल्या. पदकावर इंद्राचे वज्र आहे. ते ज्यांच्या अस्थींपासून घडले, त्या दधीची ऋषींनी लोककल्याणासाठी स्वतःचा देह दिला होता.

एक्का यांच्या अस्थी मात्र घरी आल्या नाहीत. आगरतळ्याजवळच त्यांचे दफन झाले. मागे जारीत पत्नी बलमदीना आणि लहानगा मुलगा होता. समाधीची माती तरी गावी यावी, यासाठी ४४ वर्षे वाट पाहावी लागली. २०१५ च्या अखेरीस मातीचा कलश आला, तेव्हा कुटुंबाने तो स्वीकारला नाही. ही माती त्यांच्याच समाधीची कशावरून, असा त्यांचा प्रश्न होता. मग घरची माणसे स्वतः त्रिपुराला गेली, आणि २०१६ मध्ये ती माती जारीला पोचली. मला या प्रसंगात त्या माउलीचा करारीपणा दिसतो. पुतळे, चौक, २००० सालचे टपाल तिकीट, २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला दिलेले नाव, हे सारे योग्यच आहे. पण तिला मान नको होता, आपला माणूस हवा होता, निदान त्याची खरी माती.

वीराचे स्मरण म्हणजे पुतळ्याला वर्षातून एकदा हार घालणे एवढेच नव्हे. त्याच्यामागे राहिलेल्यांची विचारपूस हाही त्या स्मरणाचाच भाग आहे. माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. ३ डिसेंबरच्या आसपास आपल्या मुलांची एक सहल जारीला न्यावी. गाव बघू द्या, माणसे भेटू द्या. पुढच्या वर्षीच्या प्रश्नमंजुषेत ‘अल्बर्ट एक्का कोण?’ या प्रश्नाला ‘एक चौक’ असे उत्तर आपल्या एकाही मुलाकडून येऊ नये, एवढीच बाप्पाचरणी प्रार्थना.

जय हिंद!